टपावरची माणसं



आमचे अब्बा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सिनेमाचा विषय निघाला की त्यांच्या तोंडी एकच नाव यायचं, नादिया. 1943 साली, तेराव्या वर्षी त्यांनी ‘हंटरवाली की बेटी’ पाहिला होता. मी बी.ए.ला साहित्य शिकू लागलो आणि एकदा जेवताना म्हणालो, ‘अब्बा, घोडे, चाबूक आणि मारामारी! त्याला काय सिनेमा म्हणायचं?’ ते काही बोलले नाहीत. खाली मान घालून भाकरी मोडत राहिले.

बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात हॉलिवूडमध्येही असेच स्वस्तातले घोडेस्वारीपट निघत. 1930 साली ‘द बिग ट्रेल’ हा खर्चिक चित्रपट पडला आणि त्याचा तरुण नायक जॉन वेन छोट्या कंपन्यांच्या दारी आला. 1933 ते 1935 या काळात त्याने ‘लोन स्टार’च्या 16 चित्रपटांत काम केलं. लांबी तासाभराची, चित्रीकरण थोड्या दिवसांत उरकायचं. सेटला पैसा नाही, म्हणून उघडं माळरान. घोड्यावरून उडी मारायला याकिमा कानुट नावाचा कसलेला गडी. समीक्षक तिकडे फिरकत नसत. शनिवारी दुपारी पोरंटोरं मात्र गर्दी करत.

त्याच वर्षांत आपल्या परळला काय चाललं होतं? जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या वाडिया घराण्यातल्या जमशेद आणि होमी या भावांनी 1933 साली ‘वाडिया मुव्हीटोन’ काढली. 1935 साली त्यांचा ‘हंटरवाली’ आला. नायिका मेरी इव्हान्स ऊर्फ नादिया, ऑस्ट्रेलियात जन्मलेली, सर्कशीत काम केलेली. राजकन्या बुरखा बांधून, चाबूक घेऊन जुलमी प्रधानाला धडा शिकवते, एवढीच गोष्ट. वितरक हात लावीनात, तेव्हा भावांनी तो स्वतःच प्रदर्शित केला. मग पडद्यासमोरच्या स्वस्त बाकांवर शिट्ट्यांचा पाऊस पडू लागला. तिकडे घोड्यावर पुरुष होता, इकडे बाई होती. गुलामीतल्या प्रेक्षकाला जुलमी प्रधान कोण, हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

अब्बा ऐंशीचे झाले, तेव्हा मी त्यांना संगणकावर 1936 सालचा ‘मिस फ्रंटियर मेल’ लावून दिला. त्यात चालत्या गाडीच्या टपावर मारामारी आहे. मी मनातल्या मनात हसत होतो. अब्बा पुढे सरकले. म्हणाले, ‘बेटा, बाईचे पाय बघ. गुडघ्यात वाकलेत. गाडी हलते तेव्हा असंच उभं राहावं लागतं. हे खोटं नाही.’

मी पाय पाहिलेच नव्हते. मी कथा पाहत होतो, आणि कथा तर भाबडीच होती. पण पैसा नसला की खोटं उभं करणंही परवडत नाही. मग कुणाला तरी खरोखर टपावर चढावं लागतं. ज्यांनी उभा जन्म अंगमेहनत केली, त्यांना ती लगेच ओळखू येते. मी जे थिल्लर म्हणून हिणवलं, ते माझ्या वडिलांना त्यांच्या कामाच्या जातीचं वाटत होतं.

नादिया 1996 साली गेली. आता अब्बाही नाहीत. हल्ली कवितेची ओळ लिहून झाली की मी तिचे पाय बघतो. गुडघ्यात वाकलेत का?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)