मुडदूस गंड्यानें जात नाहीं



पाय वांकडे, मनगटें जाड, पोट पुढें आलेलें, दीड वर्ष उलटलें तरी उभें न राहणारें मूल आपण पाहिलें असेल. यास मुडदूस म्हणतात. कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो मागल्या जन्मींचें पाप. मग कोंबडें जातें, नारळ जातो, गळ्यांत गंडा येतो. हाड मात्र वांकडेंच राहतें. आम्ही विचारतों, गंड्यांत हाडास लागणारें काय आहे?

हाड कॅल्शियम नांवाच्या क्षारानें घट्ट होतें. तो क्षार अन्नांतून अंगीं लागण्यास 'ड' जीवनसत्त्व हवें, आणि तें उन्हानें कातडींत तयार होतें. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहरांत उपासमार होऊन पोरें मुडदुसानें वांकलीं. तेथें १९१९ ते १९२२ या काळांत हॅरिएट चिक या विदुषीनें कॉड माशाचें तेल व ऊन यांनीं हा रोग हटतो हें दाखवून दिलें. पाप तेथें कोठेंच सांपडलें नाहीं!

आपल्याकडे ऊन फुकट. तरी २०१६-१८ च्या देशव्यापी पोषण पाहणींत एक ते चार वर्षांच्या शंभर मुलांत चौदांच्या अंगीं 'ड' कमी आढळलें. तान्हें मूल अंधाऱ्या खोलींत गुंडाळलेलें असतें. आईच्या दुधांत हें सत्त्व थोडें. आणि गोठ्यांतलें दूध सगळें डेअरीस जातें. खंगलेल्या मुलाची वाढच थांबते, म्हणून त्याचा मुडदूस लपतो. अन्न मिळून वाढ सुरू झाली कीं तो दिसूं लागतो. तेव्हां भिऊन अन्न तोडूं नका.

मग करावें काय? आईचें दूध चालूच ठेवा. शिवाय पहिलें वर्षभर रोज ४०० युनिट 'ड'चे थेंब डॉक्टरांस विचारून द्या; आपल्या मनानें जास्त देऊं नका, तें बाधतें. चालतें मूल उघड्या हातापायांनीं उन्हांत खेळूं द्या. अगदीं सकाळच्या कोवळ्या उन्हांत 'ड' फारसें होत नाहीं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्यें ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. तिची आंबील सहा महिन्यांवरील मुलास चारा. हाड वांकलेलें दिसतांच दवाखाना गांठा. लवकर उपाय झाला तर बहुतेक हाडें सरळ होतात.

मुलीकडे तर अधिक लक्ष द्या. मुडदुसानें तिचें कटीचें हाड अरुंद झालें तर पुढें बाळंतपणांत जिवावर बेततें, आणि तेव्हांही दोष नशिबालाच दिला जातो. म्हणून आमचें सांगणें इतकेंच: डेअरीची किटली भरण्याआधीं पोराचा पेला भरा, आणि गंड्याची दक्षिणा थेंबांस लावा.