झेंडा बदलला, सभागृहाचे काय?

(पिंपळे गुरव येथे कार्यकर्ते व नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महापालिका निवडणुकीचा विषय निघाला की चर्चा फार लवकर आकड्यांवर येऊन थांबते. कोणाच्या किती जागा आल्या, महापौर कोणाचा, स्थायी समिती कोणाच्या हाती. पिंपरी-चिंचवडचे आकडे तर थक्क करणारे आहेत. २०१२ साली १२८ जागांपैकी राष्ट्रवादी काँग्रेसने ८३ जिंकल्या, भारतीय जनता पक्षाच्या वाट्याला आल्या अवघ्या ३. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, भाजपच्या ७७ जागा आल्या आणि राष्ट्रवादी ३६ वर उतरली. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले तेव्हा भाजपने ८४ जागांसह सत्ता राखली. तीनवरून सत्त्याहत्तर! एखाद्या परक्या अभ्यासकाने नुसते हे तक्ते पाहिले, तर या नगरीत वैचारिक क्रांती घडली असावी असाच त्याचा समज होईल.

तशी ती घडली का, हा प्रश्न विजयाच्या गुलालात विचारणे अवघड असते. म्हणून तो आज, गुलाल धुऊन निघाल्यावर, विचारायचा.

या शहराची घडणच वेगळी आहे. पुणे वाढत गेले ते पेठांतून. पिंपरी-चिंचवड उभे राहिले ते गावांची मोट बांधून. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे औद्योगिक वसाहत, टेल्को, बजाज. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांची मिळून नगरपालिका झाली, त्यामागे कै. अण्णासाहेब मगर यांची दृष्टी होती. १९८२ मध्ये महापालिका आली, १९८६ मध्ये पहिली निवडणूक झाली. १९९७ साली चिखली, मोशी, तळवडे, चऱ्होली अशी आणखी गावे जोडली गेली. गावे शहरात आली, पण गावकी आणि भावकी तशीच राहिली. शेताची गुंठेवारी झाली, गुंठ्यावर तीन मजले चढले, आणि त्यांत मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून आलेला कामगार राहू लागला. त्याच्या नळजोडापासून मुलाच्या शाळाप्रवेशापर्यंत सर्व कामे ज्याच्या दारात होत, तो नगरसेवक. पक्षाचे नाव त्या दारावरच्या पाटीत सर्वांत शेवटी येई.

याचे ठसठशीत उदाहरण शोधायला पिंपळे गुरवच्या बाहेर जावे लागत नाही. कै. लक्ष्मण जगताप याच गावचे. काँग्रेस, मग राष्ट्रवादी, नगरसेवक, स्थायी समितीचे अध्यक्ष, महापौर, विधान परिषद सदस्य असा त्यांचा प्रवास. २००९ मध्ये ते चिंचवडमधून अपक्ष आमदार झाले, २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपचे आमदार. चिन्हे बदलली, मतदार फारसा हलला नाही. जून २०२२ मध्ये गंभीर आजारी असताना ते रुग्णवाहिकेतून विधान भवनात मतदानाला गेले. ती निष्ठा विरोधकांनीही मान्य केली. ३ जानेवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत पत्नी अश्विनी जगताप निवडून आल्या, २०२४ मध्ये बंधू शंकर जगताप. पोटनिवडणुकीतील राष्ट्रवादीचे उमेदवार नाना काटे हे शेजारच्या पिंपळे सौदागरचे. लढत दोन पक्षांची होती खरी. पण दोन गावांचे, दोन घरांचे बळही त्यात पणाला लागले होते, हे पारावर बसलेला कोणीही सांगेल.

आता २०१७ चे कोडे सुटते. केंद्रात आणि राज्यात भाजपचे सरकार होते, नरेंद्र मोदींचे नाव घराघरांत होते, अनधिकृत बांधकामांवरील शास्तीकराने सामान्य घरमालक संतापला होता. हे सर्व खरे. परंतु वाऱ्याने शिडे भरायला आधी नाव लागते. चिंचवडची नाव जगतापांनी आणली, भोसरीची महेश लांडगे यांनी, जे २०१४ मध्ये अपक्ष म्हणूनच निवडून आले होते. राष्ट्रवादीचे जुने नेते आझम पानसरेही त्याच सुमारास भाजपमध्ये आले. मुदत संपत आली तशी नगरसेवकांची रांग लागली. पक्षांतर रोखणारा १९८६ चा कायदा मध्येच पक्ष सोडणाऱ्याला अडवतो. मुदतीच्या शेवटी मात्र दार सताड उघडे असते. ज्यांनी तीन नगरसेवकांच्या काळात सतरंज्या उचलल्या, त्यांच्यापैकी कितीजणांना उमेदवारी मिळाली, याची बेरीज प्रत्येक शाखेने स्वतःशी करून पाहावी.

या संदर्भात इंग्लंडकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथील जिल्हा परिषदा आपल्या जिल्हा परिषदेएवढ्या मोठ्या नसतात. आकाराने त्या एखाद्या तालुक्यासारख्या. १९७२ च्या कायद्याने त्या घडल्या आणि १ एप्रिल १९७४ पासून कारभार पाहू लागल्या. पक्ष बदलणाऱ्या सदस्याला तेथे अपात्रतेची भीती नाही, तो जागेवर कायम राहतो. कित्येक परिषदांत दरवर्षी एक तृतीयांश सदस्य निवडले जातात आणि चौथे वर्ष मोकळे जाते. त्यामुळे सत्ता एका रात्रीत उलटत नाही. ती हळूहळू झिजते, कोणालाच बहुमत नाही अशी स्थिती येते, मग अपक्ष आणि रहिवासी गट मोलाचे ठरतात. मे २०२३ मध्ये हुजूर पक्षाने इंग्लंडभर हजाराहून अधिक जागा गमावल्या, तेव्हा राष्ट्रीय नाराजी होतीच. तरीही गल्लीतला कचरा आणि नव्या घरबांधणीची परवानगी हे विषय दारोदार बोलले गेले. तेथील मतदानाचा टक्का अनेकदा आपल्यापेक्षाही कमी असतो, हेही सांगायला हवे. मात्र एक गोष्ट घेण्याजोगी आहे. सभेची कार्यपत्रिका किमान पाच पूर्ण दिवस आधी लोकांना खुली करावी लागते आणि सभेत बसण्याचा हक्क नागरिकाला आहे. सत्ता कोणाचीही येवो, ही खिडकी बंद होत नाही.

आपल्याकडे खिडकीच नव्हे, सभागृहच बंद होते! १३ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली २०२६ च्या जानेवारीत. राज्यघटनेतील २४३-यू हे कलम स्पष्ट सांगते की पाच वर्षे संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, बांठिया आयोग, प्रभागरचनेचे फेरबदल, सर्वोच्च न्यायालयातील तारखा, अशी कारणे सांगता येतात आणि त्यांतली काही खरीही आहेत. पण जवळपास चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. एके काळी आशियातील सर्वांत श्रीमंत म्हणवल्या गेलेल्या या महापालिकेचे हजारो कोटींचे अर्थसंकल्प एकाही निर्वाचित सदस्याच्या मताविना संमत झाले. या काळात राज्यात महाविकास आघाडीही होती आणि महायुतीही. दोघांनाही घाई नव्हती.

प्रभागांचेही तसेच. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. मग तिघांचा ठरला आणि फिरला, २०२६ मध्ये पुन्हा चौघांचा. रस्ता खचला तर चौघांपैकी कोणाला धरायचे, हे मतदाराने ठरवायचे कसे?

आणि सत्तांतरानंतर काय बदलले? शास्तीकर माफ झाला, त्यालाही २०२३ उजाडले. नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहिले. पवना बंद जलवाहिनीचा प्रकल्प राष्ट्रवादीच्या काळात आला. ९ ऑगस्ट २०११ च्या मावळ गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले आणि काम थांबले. ती कोंडी नव्या सत्तेलाही फोडता आली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तर स्थायी समितीच्या विद्यमान अध्यक्षांनाच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटक केली. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. परंतु टक्केवारीच्या ज्या आरोपांवर २०१७ ची निवडणूक लढवली गेली, त्याच समितीच्या दारात पोलीस आले, हे चित्र कार्यकर्त्याने डोळ्यांआड करू नये. विरोधकांनी ते दाखवण्याआधी ते आपणच पाहिलेले बरे.

२०२६ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळात एकत्र बसणारे भाजप आणि अजित पवारांची राष्ट्रवादी येथे समोरासमोर लढले, आणि दुभंगलेल्या दोन राष्ट्रवादी येथे एकत्र आल्या. मतदाराने त्या गुंत्यातूनही स्पष्ट बहुमत दिले. निम्म्या जागांवर महिला आहेत. त्यांतल्या अनेकजणी प्रथमच सभागृहात बसत आहेत आणि त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून पती किंवा दीर बोलणार नाही, एवढे पाहणे त्यांच्या पक्षाचे काम आहे.

महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. नगरसेवकाने आपल्या भागातील मतदारांना बोलावून कामांची चर्चा करावी, अशी ती कल्पना. कायद्याच्या पुस्तकात ती आहे हेच ठाऊक असलेले मतदार मोजके. पिंपळे गुरवच्या सोसायट्यांतून आणि चाळींतून तिची लेखी मागणी आपल्या चारही नगरसेवकांकडे जावी. सर्वसाधारण सभा दर महिन्याला भरते. पिंपरीच्या मुख्य इमारतीत ती भरेल त्या दिवशी, हातात कार्यपत्रिका घेऊन, येथील दोन कार्यकर्ते तरी प्रेक्षक कक्षात बसलेले असावेत आणि त्यांनी आळीपाळीने टिपणे ठेवावीत. त्यांच्या नावांची यादी आजच, चहापूर्वी, करता येईल.