आधी एका वाट्याची किंमत काढा

आज सीसॅटमधल्या गुणोत्तरांबद्दल बोलूया.

यूपीएससी पूर्वपरीक्षेचा हा दुसरा पेपर. 80 प्रश्न, 2 तास, 200 गुण. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, आणि कॅल्क्युलेटर न्यायचा नाही. पेपर नुसता पात्रतेचा आहे, पण 33 टक्के, म्हणजे 66 गुण, पडले नाहीत तर पहिल्या पेपरात कितीही मिळवा, उपयोग शून्य. बीए केलेली मुलं मला म्हणतात, "दादा, गणित सोडूनच देतो." बाकीचं सोडा हवं तर, गुणोत्तर सोडू नका राव. इथे सूत्र लागत नाही, पाढे लागतात.

समजा, दोघांच्या पगाराचं गुणोत्तर 5:3 आहे आणि फरक 8,400 रुपये. दोघांचा मिळून पगार किती? शाळेतली सवय म्हणजे लगेच 5क्ष, 3क्ष मांडायचं. त्याऐवजी वाटे मोजा. फरक दोन वाट्यांचा, म्हणून एक वाटा 4,200. एकूण वाटे आठ, म्हणजे 33,600. झालं!

अजून एक गंमत. पगार पूर्ण रुपयांत असेल, तर बेरजेला 8 ने भाग जायलाच हवा. शेवटचे तीन अंक बघा: 600 ला 8 ने भाग जातो. ज्या पर्यायाला जात नाही तो सरळ खोडा. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, त्यामुळे खोडता येणं फार कामाचं.

आता मुलं जिथे अडकतात ते दूध-पाणी. 60 लिटर मिश्रणात दूध-पाणी 2:1. किती पाणी घातलं की ते 1:2 होईल? इथे स्वतःला एकच प्रश्न विचारा: बदललं नाही ते काय? दूध. मग दोन्हीकडे दुधाचे वाटे सारखे करा. 1:2 म्हणजेच 2:4. पाणी एका वाट्यावरून चारवर गेलं, तीन वाटे वाढले. सुरुवातीला 60 लिटरचे तीन वाटे होते, म्हणून एक वाटा 20 लिटर. उत्तर 60 लिटर.

आणि 7/11 मोठं की 12/19, असं आलं तर दशांश काढत बसू नका (आम्ही सॉफ्टवेअरवाले तर एवढ्यासाठीही लॅपटॉप उघडू!). तिरकस गुणा. 7 गुणिले 19, 133. 12 गुणिले 11, 132. 7/11 मोठं, तेही जेमतेम.

पुढच्या भागात काळ-काम-वेग. तोवर 19 पर्यंतचे पाढे करून ठेवा.