पहिले पुस्तक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला 'लेखिका' म्हणून बोलायला उभे केले आहे. माझ्या पुस्तकाच्या दोनशे प्रती अजून पलंगाखाली पडून आहेत, हे ठाऊक असलेल्या शेजारणी पुढ्यातच बसल्या आहेत. तेव्हा मोठेपणा मिरवायची सोय नाही.

नव्या लेखिकेला नकाराची भीती दाखवतात. पण नकार परवडला; जीव खाते ते मौन. तीन प्रकाशकांकडून मला होयही आले नाही, नाहीही आले नाही. आपले लिखाण टाकाऊच असणार, असे मनाने घेतले. तेवढ्यात चौथ्याचे पत्र आले: "पुस्तक काढू, खर्च तुमचा." मी हुरळले. पाटल्या मोडल्या, पुढे आलेल्या कागदावर न वाचता सही केली. पाचशे प्रती निघाल्या. त्यांतल्या तीनशे माझ्याच दारात येऊन पडल्या. शंभर मी हळदीकुंकवाला लुटल्या. पुनर्मुद्रणाचा हक्कही देऊन बसले होते, हे मागाहून कळले.

ही वाट बायकांना कधीच सोपी नव्हती. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघाले ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. लेखिकेला खरे नाव झाकावे लागले. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक आले १९५२ साली. चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी, त्यांनी त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. ज्या घरात सोपानदेव नव्हते, तिथल्या ओव्यांचे काय झाले असेल?

म्हणून अनुभवाचे दोन शब्द सांगते. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणे हक्क द्यायचा तर करार लेखी हवा. कोणता हक्क, किती मुदत, किती मानधन, हे त्यात लिहिलेले हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. शिवाय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. मला ती कळली, पण पाटल्या गेल्यावर!

गेल्या आठवड्यात आपल्यातलीच एक भगिनी असाच एक कागद घेऊन माझ्याकडे आली. सही व्हायची होती. तिची वही मी रात्री वाचून काढली. लिखाण खरोखर चांगले आहे. मी तिला म्हटले, "बाई, घाई करू नकोस. आधी मंडळात वाच."

पुढच्या बैठकीत ती वाचणार आहे. आपण सगळ्यांनी यावे, आवडले तर आवडले म्हणावे, खटकले तर तेही सांगावे. आणि पुस्तक निघेल तेव्हा ते विकत घ्यावे, भेट मागू नये. नव्या लेखिकेला पहिली वाचक घराजवळ मिळाली, तर ती कुणाच्याही कागदावर डोळे मिटून सही करणार नाही.