वणवा विझल्यावर

नर्मदेच्या उत्तर तीरावर, हंडियाच्या समोर, नेमावर हे गाव वसले आहे. सिद्धेश्वराचे पुरातन देऊळ आणि नर्मदेचे नाभिस्थान म्हणून परिक्रमावासीयांना ते ठाऊक असते. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीमुळे मराठी माणसालाही तो मुलूख अगदीच परका नाही. परंतु घाटावर स्नान करून परतणाऱ्या यात्रेकरूची दृष्टी उत्तरेकडील डोंगरांकडे सहसा वळत नाही. खातेगाव-कन्नोदच्या त्या रानात साग आहे, मोह आहे, पळस आहे. आणि रानाच्या कडेला दोन-तीन एकरांवर पोट भरणारी कुटुंबे आहेत. चैत्र-वैशाखात वणवा येतो, तो ह्यांच्या दारात.

ह्या रानातील आग बहुधा शेंड्याची नसते, पाचोळ्याची असते. सागाने टाकलेली पाने गुडघ्याएवढ्या ज्वाळांनी जळत जातात. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला कोणी पेटवतो, वारा सुटतो, आणि आग हाताबाहेर जाते. दुसरे कारण शेतातलेच. यंत्राने गहू कापल्यावर उभे राहिलेले खुंट, ज्यांना तिकडे नरवाई म्हणतात, ते जाळून टाकण्याची चाल पडली आहे. मध्यप्रदेश सरकारने 2017 साली त्यासाठी दंड ठरविला. 2 एकरांपेक्षा कमी जमिनीच्या धन्याला तो 2500 रुपये आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहांच्या साह्याने आगीची वर्दी देत आली आहे. वर्दी त्वरित मिळते. पण विझवायला माणसेच धावून जावी लागतात, आणि विझल्यानंतरचे काम तर सर्वस्वी माणसांचेच असते.

ते काम झाडूने सुरू होत नाही. जळालेली झोपडी, गोठा, कणगी ही जशीच्या तशी असताना पटवाऱ्याकडून पंचनामा करून घेणे हे पहिले. मध्यप्रदेशात आगीच्या नुकसानीची मदत राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 प्रमाणे मिळते, आणि तिचा पाया हाच पंचनामा. मदतीला आलेली उत्साही मंडळी सकाळीच राख उपसून अंगण लख्ख करतात, आणि दुपारी पटवारी आला की दाखवायला काही उरत नाही. भू-अधिकार पुस्तिका जळाली असेल तर तिची नक्कल मिळविण्याच्या खटपटीत कोणी साक्षर माणसाने तहसीलीपर्यंत सोबत जावे. ही मदत पोत्याभर धान्याहून कमी मोलाची नाही.

मग पायांखालची जमीन. वरून विझलेला बुंधा मुळाशी दिवसेंदिवस धुमसत राहतो. मूळ जळून गेले की तेथे निखाऱ्यांनी भरलेला खळगा राहतो आणि वरची माती पातळ असते. म्हणून लांब काठीने चाचपल्यावाचून पाऊल टाकू नये, अनवाणी तर मुळीच नाही. नाकातोंडावर ओले फडके असावे. कीटकनाशकांचे डबे, जुन्या बॅटऱ्या, वितळलेले प्लॅस्टिकचे नळ ह्यांची राख खत नव्हे; ती वेगळी गोळा करून विहिरीपासून दूर ठेवावी.

गुरांकडे लक्ष द्यायला मात्र एका दिवसाचाही विलंब चालत नाही. भाजलेली कातडी दिसते, पण खुरांची इजा दिसत नाही. वरवर धडधाकट वाटणारी गाय कित्येकदा काही दिवसांनी लंगडू लागते. कास होरपळली असेल तर वासरू पिऊ शकत नाही आणि दूध साचून दुखणे वाढते. पशुवैद्याला ही दोन्ही ठिकाणे आवर्जून दाखवावीत. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. छपराचे खिळे आणि तारांचे तुकडे राखेत विखुरलेले असतात. चाऱ्याबरोबर ते गुरांच्या पोटात जातात आणि आतून टोचतात. दोरीला लोहचुंबक बांधून गोठ्याच्या जागेवरून फिरविले, तर लहान मुलेसुद्धा तासाभरात ओंजळभर लोखंड गोळा करतात. भुसा जळालेला असतो, तेव्हा मदत पाठवायची तर आधी चारा पाठवावा. उपाशी जनावर विकले गेले की आषाढात नांगराला बैल उरत नाही.

राखेविषयी एक गैरसमज आहे. राख पडली, जमीन सुपीक झाली, असे म्हणतात. राखेत पोटॅश व चुना असतो हे खरे. पण पाल्यातील नत्र धुरावाटे निघून गेलेले असते आणि उतारावरची राख मृगाच्या पहिल्या सरीबरोबर नाल्यात वाहून जाते. तिच्याबरोबर उघडी पडलेली काळी मातीही जामनेरसारख्या नद्यांतून नर्मदेला मिळते. म्हणून वणवा आणि पाऊस ह्यांच्यामधल्या सहा-आठ आठवड्यांत अर्धवट जळालेल्या फांद्या उताराला आडव्या रचून दगडांनी दाबून ठेवणे हे सर्वांत निकडीचे काम. एकट्या कुटुंबाला ते झेपत नाही, दहा जणांना मात्र दोन दिवस पुरतात. पाऊस पडताच ताग पेरून तो फुलोऱ्यावर येताना जमिनीत गाडला, तर गेलेले नत्र काही अंशी परत येते.

बांधावरचा आंबा काळा पडला म्हणून लगेच कुऱ्हाड उचलू नये. नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवी ओल असेल तर झाड जिवंत आहे. खोडाला चुना फासून, जमल्यास पाणी घालून, पावसाळा सरेपर्यंत वाट पाहावी. साग आणि पळस तर बुंध्यापासून पुन्हा फुटतात.

बियाण्याची परीक्षा वेगळी. कणगी जळली नाही, नुसती तापली, तरी आतला अंकुर मेलेला असू शकतो आणि दाणा बाहेरून जसाच्या तसा दिसतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे आणि आठवड्याने मोड मोजावे. सोयाबीनचे सत्तर उगवले तर ते बियाणे. त्याहून फारच कमी उगवले तर पेरणीचा खर्च वाया जाईल, आणि गावाकडून उसने बी मागण्याची वेळ जूनमध्ये नव्हे, मे महिन्यातच आहे.

मागणे हा शब्द येथे कोणाला लाजिरवाणा वाटू नये. महाराष्ट्रात इर्जिक होते. एकाच्या शेतात दहा घरचे नांगर जमत आणि मजुरी म्हणून एकत्र जेवण होई. झाबुआचे भिल्ल ह्यालाच हलमा म्हणतात. ज्याच्यावर संकट ओढवले त्याने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी कुदळ-फावडे घेऊन, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता यायचे, अशी त्यांची रीत आहे. बाहेरून नेमावरकडे मदतीला जाणाऱ्याने स्वतःची योजना घेऊन जाण्याऐवजी ही हाक कोण देते ते आधी विचारावे, भाकरी बरोबर न्यावी, आणि काम सांगेल तो शेतकरीच असावा.