कुळशील नसलेला सोबती

कुत्रें पाळणाऱ्या गृहस्थास पाहुणे बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो "याची जात कोणती?" हा. आई पॉमेरियन आणि बाप गल्लींतला, असें ज्याच्या घरचें कुत्रें असेल, त्याची या प्रश्नानें जरा पंचाईत होते. पुण्यामुंबईकडे अशीं कुत्रीं पुष्कळ आढळतात. शेपटी झुपकेदार, पाय गांवठी, एक कान उभा तर दुसरा मुडपलेला आणि वजन फार तर ७-८ किलो! त्याच्यापाशीं वंशावळीचा दाखला नसतो आणि बाजारांत त्याला मोलहि नसतें. अशा या कुळशील नसलेल्या सोबत्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मिश्र रक्ताचा एक लाभ मात्र खरा आहे. कांहीं आनुवंशिक व्याधि आई आणि बाप या दोघांकडूनहि दोष आला तरच प्रकट होतात. एकाच जातींत जवळचे संबंध पिढ्यान् पिढ्या होत राहिले म्हणजे असा दुर्योग वारंवार जुळून येतो. मायबापें निराळ्या रक्ताचीं असलीं म्हणजे तो कमी येतो. परंतु एवढ्यावरून "गांवठी रक्त आहे, त्याला काय होतें!" असें म्हणून निर्धास्त राहणें अत्यंत धोक्याचें आहे. १९७८ सालीं ज्याची जगाला प्रथम ओळख झाली, तो पार्व्हो नांवाचा रोग पिल्लास ओकाऱ्या व रक्ताचे जुलाब लावून दोन-चार दिवसांत नेऊं शकतो. तो कोणाचें कुळ विचारीत नाहीं. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचें झालें कीं त्याला पहिली लस टोचावी, आणि तें १६ आठवड्यांचें होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनीं पुन्हा टोचावी. एकदां टोचून कां भागत नाहीं, असें कोणी विचारील. आईच्या पहिल्या दुधांतून पिल्लास जें संरक्षण मिळतें, तें रक्तांत असेपर्यंत लस नीट लागू पडत नाहीं. आणि तें केव्हां ओसरेल याचा काळ प्रत्येक पिल्लाचा निराळा असतो. म्हणून ही पुनरुक्ति.

पिल्लू तीन महिन्यांचें झालें कीं रेबीजची लस टोचावी, आणि पुढें पशुवैद्य सांगेल त्या मुदतीनें ती चुकूं देऊं नये. ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चरनें पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या ९ वर्षांच्या मुलास लस टोचली आणि तो मुलगा वांचला. तरीहि या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे आजहि रोगी जवळजवळ हातचा गेलाच. कोणतेंहि कुत्रें चावलें, तर जखमेंत हळद-चुना भरीत न बसतां ती साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि तडक डॉक्टरकडे जावें.

आतां आहाराकडे वळूं. लहान कुत्र्याचा मोठा वैरी म्हणजे घरच्यांचें प्रेम! आपल्या पानांतला घांस त्याच्या तोंडीं देण्याची हौस कोणाला नसते? परंतु कांद्या-लसणानें त्याच्या रक्तांतल्या तांबड्या पेशी नाश पावतात. द्राक्षें व बेदाणे मूत्रपिंडें निकामी करूं शकतात. चॉकलेटहि त्याला विषारी आहे. मोठ्या कुत्र्यास जें पचून जाईल, तेवढ्यानें लहान कुत्र्याचा जीव धोक्यांत येऊं शकतो. शिऱ्यांतला बेदाणा आजींनीं आपल्याच पानांत ठेवावा हें उत्तम. शिजविलेल्या कोंबडीच्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात, म्हणून तेंहि वर्ज्य. वजनाचा हिशेब तर सोपा आहे. ८ किलोच्या कुत्र्याचें वजन एक किलोनें वाढणें, म्हणजे ६४ किलोच्या माणसाचें ८ किलोंनीं वाढणें होय. शिवाय ४२ दांत एवढ्याशा जबड्यांत दाटीनें बसलेले असल्यामुळें लहान कुत्र्यांचे दांत लवकर बिघडतात. ते घासण्याची संवय पिल्लूपणींच लावावी.

ऋतुमानहि संभाळावें लागतें. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. तें धापा टाकून अंग निववितें. वैशाखांत डांबरी रस्त्यावर तळहाताची मागील बाजू टेकून पाहावी. आपणांस पांच-सात सेकंद सोसवत नसेल, तर त्याच्या पायांनाहि सोसवणार नाहीं. पावसाळ्यांत फिरून आल्यावर कानांमागें आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी, कारण तिच्या चाव्यांतून घातक ताप येतो.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, "फुकट आलेल्या कुत्र्यासाठीं एवढा खटाटोप?" या संकटाचें मूळ त्या 'फुकट' शब्दांतच आहे. बदली होते, घर बदलतें, घरांत तान्हें मूल येतें. आणि मग एके सकाळीं "देवळाचें आवार चांगलें मोठें होतें, तेथें सोडून आलों" असें सांगण्यांत येतें. घरांत वाढलेल्या त्या जीवाला रहदारी ठाऊक नसते, अन्न मिळविणें ठाऊक नसतें, आणि तेथलीं कुत्रीं तर त्याला उभेंहि राहूं देत नाहींत. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितींत सबळ कारणावांचून टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. पण कायदा दारांत उभा राहून पहारा करीत नाहीं.

जर्मनींत बॉनजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं खाणींत एक स्त्री, एक पुरुष आणि एक कुत्रें यांचें सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें दफन सांपडलें. कुत्र्याच्या दांतांवरील खुणांवरून २०१८ सालीं अभ्यासकांनीं असा निष्कर्ष काढला कीं, हें सुमारें सात महिन्यांचें पिल्लू बहुधा डिस्टेंपरनें आठवडेच्या आठवडे आजारी होतें, आणि माणसांच्या शुश्रूषेवांचून इतके दिवस जगणें त्याला शक्य नव्हतें. आजारी पिल्लू ना शिकारीच्या उपयोगाचें, ना राखणीच्या! तरी कोणीतरी त्याच्या उशाशीं बसलें होतें. आणि धर्मराजानें ज्याच्यासाठीं स्वर्गाचें दार नाकारलें, त्या कुत्र्याची जात तरी व्यासांनीं कोठें सांगितली आहे?

असें लहान कुत्रें नीट संभाळलें तर १२ ते १५ वर्षें जगतें. दुसरींतल्या मुलीच्या हट्टानें आणलेलें पिल्लू, ती पदवीधर होऊन परगांवीं नोकरीस जाईल तेव्हां म्हातारें झालेलें असेल. त्या वेळीं त्याला दिसेनासें होईल, जिना चढवणार नाहीं, आणि त्याला उचलून घेणारे हात तिचे नसतील. म्हणून पिल्लू घरीं आणण्यापूर्वीं मुलांस नव्हे, तर घरांतील वडील माणसांनीं स्वतःस विचारावें कीं, त्या दिवसाला आपली तयारी आहे काय? आपल्या भाषेंत कुत्रें पाळतात, पथ्य पाळतात आणि दिलेला शब्दहि पाळतात. तिन्हीं ठिकाणीं क्रियापद एकच आहे.