लय बदलताना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी आपले डॉक्टर बोलले, बँकेतले साहेब बोलले, द्राक्षबागायतदार बोलले. त्यांना कुणी विचारलं नाही, की तू नेमकं करतोस काय? मला मात्र सकाळपासून सात जणांनी विचारलंय. म्हणून आधी तेच सांगतो.

मी ब्रिस्टलला राहतो आणि ड्रम अँड बेस नावाचं संगीत तयार करतो. संगणक, सिंथेसायझर आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतून कापून घेतलेले तुकडे, एवढंच भांडवल. हे संगीत १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडनमध्ये घडलं. कॅरेबियन वस्त्यांमधल्या साउंड सिस्टीमचा जड बेस आणि अमेरिकन फंकमधले ड्रम तिथे एकत्र आले. सगळ्यात जास्त वापरलेला तुकडा १९६९ मधला, 'द विन्स्टन्स' या बँडच्या 'आमेन, ब्रदर'मधला. ग्रेगरी कोलमन या ड्रमरने वाजवलेले चार बार, जेमतेम सात सेकंदांचे. ते कापून, वेग वाढवून, उलटसुलट जोडून हजारो रचना झाल्या. कोलमनच्या हाती त्यातलं काही पडलं नाही. मी नव्या मुलांना शिकवतो तेव्हा पहिल्या तासाला हेच सांगतो, की आपलं घर दुसऱ्याच्या सात सेकंदांवर उभं आहे.

आता लय. आमच्याकडे मिनिटाला साधारण १७४ ठोके असतात. तबला शिकलेल्यांना सोपं करून सांगतो: वर ड्रम दुगुनीत धावतात, खाली बेस ठायीत, म्हणजे ८७ च्या लयीत चालतो. कुठली लय धरायची ते नाचणाऱ्याने ठरवायचं. आपले संगीताचे सर अर्ध्या वर्गाकडून ठाय आणि अर्ध्या वर्गाकडून दुगुन एकाच वेळी म्हणवून घ्यायचे. त्यामुळे हे संगीत मला पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही.

जवळजवळ पंधरा वर्षं मी तेवढंच केलं. मग एक वेळ अशी आली की डोकं विचार करायच्या आत हात कामाला लागायचे. किक पहिल्या मात्रेवर, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, सोळा बार झाले की बदल. तयार झालेलं वाईट नव्हतं, पण ते करताना मी कुठेच नव्हतो. पंचवीस वर्षं तोच धडा शिकवणाऱ्या आपल्या बाईंना हे कळेल. त्यांनी दरवर्षी तो धडा नवा कसा केला, हे मला त्यांना विचारायचं आहे.

मी लय बदलून पाहायचं ठरवलं. १२५ ठोक्यांचं हाउस, १४० चं डबस्टेप. आकडे जवळचे वाटतात, पण १७४ ला दोन ठोक्यांमध्ये ०.३४ सेकंद असतात आणि १२५ ला ०.४८. एवढ्याशा फरकाने सगळं काम बदलतं. वेगात प्रत्येक आवाजाची शेपटी कापावी लागते, नाहीतर चिखल होतो. संथ लयीत ती शेपटी ऐकू येते, आणि तिचं काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहतो. आमचे सोळा बार २२ सेकंदांत संपतात. हाउसमध्ये एकच स्वरसमूह सहा मिनिटं चालू राहतो आणि फक्त त्यावरचा फिल्टर हळूहळू उघडत जातो. डबस्टेपमध्ये स्नेअर तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडतो, बाकीची जागा मोकळी. ती मोकळी जागा न भरता सोडून द्यायला मला सहा महिने लागले.

याची किंमत पडली. माझ्या रचना वर्षानुवर्षं काढणाऱ्या कंपनीने नवं काम ऐकलं आणि गोड शब्दांत सांगितलं, हे दुसऱ्या नावाने काढ. कार्यक्रमांची आमंत्रणं निम्म्यावर आली. दीड वर्ष घर बायकोच्या पगारावर चाललं. हे मुद्दाम सांगतो, कारण स्मरणिकेत बहुधा फक्त यश छापलं जातं. दहा वर्षं माझं संगीत ऐकणाऱ्या एका मुलाने कळवलं, 'हे आपलं नाही राहिलं.' त्या 'आपलं'चं मला फार लागलं.

आमच्या क्षेत्रात हे नवं नाही. फोटेकने २००० साली 'सोलारिस'मध्ये हाउसची वाट धरली. गोल्डीने १९९८ मध्ये वाद्यवृंद घेऊन तासाभराची एक रचना केली. आपल्याकडेही किशोरीताईंनी जयपूर घराण्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकलं तेव्हा नाकं मुरडली गेलीच.

मला सगळ्यात जास्त बळ दिलं ते मुंबईच्या एका माणसाने. चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवायचे. १९८२ साली, आपण नुकतेच चालायला शिकत होतो तेव्हा, त्यांनी रोलंडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र मुळात गिटार वाजवणाऱ्याला साथीचा बेस मिळावा म्हणून केलेलं होतं. पाच वर्षांनी शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रावर अ‍ॅसिड हाउस उभं केलं. मुंबईची तबकडी मात्र २०१० मध्ये पुन्हा निघेपर्यंत जवळजवळ कुणी ऐकली नव्हती. जवळ जे होतं आणि जे येत होतं, ते एकत्र वाजवून पाहावं, एवढ्यावर त्यांनी ते काम केलं. त्याला नाव नंतर लोकांनी दिलं.

आज माझं अर्धं काम जुन्या लयीत आहे, अर्धं नव्या, आणि दोन्ही माझ्याच नावाने निघतं. ऐकणारे पूर्वीपेक्षा कमी आहेत. पण १७४ वर परतलो की आता माझ्या ड्रममध्ये मोकळी जागा सापडते. ती मला संथ संगीताने दिली. आणि बेस कुठे बसवायचा, किकला वाट कशी करून द्यायची, हे वेगवान संगीतात शिकलेलं १२५ लाही तसंच्या तसं उपयोगी पडतं. लय बदलल्यावर कळलं, की माझं काय होतं आणि नुसत्या वेगाचं काय होतं.

मघाशी जेवताना आपल्यातल्या एकाने नोकरी सोडून रोपवाटिका काढायचा विचार बोलून दाखवला. एकजण वकिलीच्या पहिल्या वर्षाला बसते आहे. मी सल्ला देणार नाही. फक्त घरचा हिशोब आधी मांडा, आणि पहिले सहा महिने स्वतःला नवशिक्या म्हणवून घ्यायला लाजू नका. सर, ती सवय तुमच्या वर्गात लागली, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

बाहेर चहाच्या टेबलाशी दोन हेडफोन ठेवले आहेत. चार रचना आहेत, संथ ते वेगवान अशा क्रमाने. बाईंसाठी आवाज कमी ठेवला आहे. ज्यांना फक्त चहा घ्यायचा आहे, त्यांनी फक्त चहा घ्यावा.